देणारं मूल : चर्चच्या मुलांचं दान आणि नागपूर



आजचा विषय लहान मुलांचा आहे आणि लहान रकमांचा आहे. नाताळच्या आधीच्या एखाद्या रविवारी चर्चच्या आवारात गेलात, तर शब्बाथशाळेची मुलं टेबलामागे उभी दिसतात. टेबलावर कागदाचे तारे, रंगवलेल्या पणत्या, मेणबत्त्या, शुभेच्छापत्रं. दहा-वीस रुपयांना एकेक वस्तू. जमलेला पैसा एखाद्या बालगृहाला किंवा दवाखान्याला जायचा असतो. काही मंडळ्यांमध्ये याच्या जोडीला आणखी एक प्रथा असते. प्रत्येक मुलाला एका चिठ्ठीवर एक नाव दिलं जातं आणि त्या नावासाठी त्यानं वर्षभर रोज प्रार्थना करायची असते. याला प्रार्थना-सोबती म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास काय आणि तत्त्वज्ञानाच्या माणसानं त्यावर बोलण्यासारखं काय? तर आमच्या मते एक जुना प्रश्न यात दडलेला आहे. मूल देतं तेव्हा देतं कोण? ते मूल देतं, की मोठी माणसं त्याच्या हातून देतात? आणि ज्या मुलासाठी हे सगळं चाललेलं असतं, ते पलीकडचं मूल या व्यवहारात कुठे असतं? दोनशे वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली गेली. त्यांतली काही फार महत्त्वाची उत्तरं आपल्या नागपूरच्या आसपास घडली आहेत. म्हणून हा विषय.

या प्रथेचे तीन भाग आहेत : पैसा, हात आणि नाव. एकेक घेऊ.

आधी पैसा.

रविवारच्या शाळेची चळवळ इंग्लंडमधली. ग्लॉस्टर शहरातल्या रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रकारानं १७८० मध्ये गरिबांच्या मुलांसाठी अशी शाळा काढली आणि तिचा गाजावाजा केला. आठवडाभर कामावर राबणाऱ्या मुलांना रविवार तेवढा मोकळा. त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवायचं, असा साधा बेत. म्हणजे बघा, या शाळेतलं मूल आरंभी घेणारं मूल होतं. इतरांच्या वर्गणीवर ते शिकत होतं.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत चित्र पालटलं. लंडन मिशनरी सोसायटीला पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर जा-ये करण्यासाठी जहाज हवं होतं. ब्रिटनमधल्या शब्बाथशाळांच्या मुलांनी पेनी-पेनी करून सहा हजार पौंडांहून जास्त रक्कम उभी केली आणि १८४४ मध्ये 'जॉन विल्यम्स' नावाचं जहाज समुद्रात गेलं. त्यानंतरची याच नावाची जहाजंही मुलांच्या पैशातून आली. मुलांच्या पेनीचं बळ त्या दिवसापासून सगळ्या मिशनांच्या लक्षात आलं. घराघरांत मिशनच्या पेट्या आल्या, मुलांसाठी खास मासिकं निघाली.

या पेनीमागे एक विचारही होता. स्कॉटलंडमध्ये थॉमस चाल्मर्स नावाचे धर्मशास्त्री होते. त्यांनी १८१४ मध्ये बायबल सोसायट्यांबद्दल एक निबंध लिहिला. आक्षेप असा होता, की मजुराकडून दर आठवड्याला एक पेनी घेणं म्हणजे गरिबाला आणखी गरीब करणं. चाल्मर्स यांचं म्हणणं नेमकं उलट. जो माणूस दुसऱ्यासाठी थोडं का होईना देतो, तो स्वतःकडे याचक म्हणून बघणं सोडतो. पेनी गेल्यानं त्याचं जे नुकसान होतं, त्याहून दाता झाल्यानं मिळणारी उंची मोठी असते. आमच्या दृष्टीनं आजच्या सगळ्या विषयाची किल्ली या एका विचारात आहे. ती जवळ ठेवा, पुढे लागणार आहे.

१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली शेकडो पाळकांनी आपले पगार आणि घरं सोडून फ्री चर्च स्थापन केलं. या चर्चनं पाळकांच्या निर्वाहासाठी जो निधी उभारला, त्याचा पाया आठवड्याला एक पेनी हाच होता. आणि याच फ्री चर्चचे एक तरुण मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात येऊन पोचले : स्टीफन हिस्लॉप.

तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये इथे शाळा काढली. गोंडांची भाषा आणि गाणी, इथले खडक, जीवाश्म, सगळं त्यांनी टिपून ठेवलं. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं, ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण आज आपल्याला वेगळी बाजू बघायची आहे. हिस्लॉप ज्या चर्चचे होते, ते चर्च आपल्या मुलांसाठी मिशनविषयक मासिक काढत असे आणि मुलांकडून मिशनसाठी निधी गोळा करत असे. एडिंबरोतल्या मुलाला त्या काळी हिंदुस्थान ठाऊक होतं ते असं : पेटीत पेनी टाकायची आणि ती जिथे जाते तो दूरचा, अंधारातला देश. त्या नकाशात नागपूर हा फक्त घेणाऱ्यांचा पत्ता होता. इथल्या मुलानं कुणाला काही द्यावं, अशी त्यात जागाच नव्हती.

शिवाय ती पेनी तरी त्या स्कॉटिश किंवा इंग्रज मुलाची होती का? चार्ल्स डिकन्सला हा प्रश्न पडला होता. १८५२-५३ मध्ये हप्त्यांनी आलेल्या 'ब्लीक हाउस' कादंबरीत पार्डिगल नावाच्या परोपकारी बाई आहेत. पाच मुलगे घेऊन त्या घरोघर हिंडतात आणि कोणत्या मुलानं कोणत्या सत्कार्याला किती दिलं ते अभिमानानं सांगतात. मुलं मात्र संतापलेली असतात, कारण त्यांच्या हातखर्चाचे पैसे आईनं परस्पर देऊन टाकलेले असतात. डिकन्सनं ते थट्टेनं लिहिलं आहे. पण तत्त्वाच्या भाषेत बोलायचं, तर तिथे दान झालंच नाही. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, एवढंच झालं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला दान कसं म्हणायचं?

मग आपल्याकडे असं काही नव्हतं का? नव्हतं कसं! मराठी माणसाला लहान रकमेचं मोठेपण कुणी शिकवायला नको. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून पैसा फंड उभारला. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. तिथेही तर्क चाल्मर्स यांचाच, फक्त देशी : एकानं लाख देण्यापेक्षा लाखांनी एकेक द्यावा, म्हणजे कारखाना लाखांचा होतो. मिझोराममधल्या मंडळ्यांनी तर पैशाचीही वाट पाहिली नाही. तिथे स्वयंपाक करताना दर वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्या मुठींवर चर्चचं केवढं तरी कार्य चालतं. घरातलं मूल ती मूठ रोज बघत वाढतं.

आणि नागपूरचं मूल? तान्ह्या पोळ्याला सजवलेला लाकडी नंदी घेऊन ते घरोघर जातं आणि बोजारा घेऊन येतं. घरोघर जाणं, हातातली वस्तू कौतुकानं दाखवणं, नाण्यांचा हिशेब करणं, हे सगळं इथल्या मुलाच्या अंगवळणी पडलेलं आहे, धर्म कोणताही असो. फरक एवढाच, की बोजारा त्याचा स्वतःचा असतो. नाताळच्या टेबलावरचा पैसा दुसऱ्याचा असतो, आणि तसा तो मुलाला कळलेला असावा लागतो.

आता हाताकडे वळू.

चर्च आणि हस्तकला यांचं नातं आपल्या देशात जुनं आहे. दक्षिणेत त्रावणकोरात नागरकोइल इथे १८२० च्या सुमारास मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी मुलींना लेस विणायला शिकवलं. त्या काळी तिथे गुलामगिरी होती. ती कायद्यानं संपली १८५५ मध्ये. लेस विकून आलेल्या पैशातून काही जणींनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. जरा थांबून याचा विचार करा. इथे हस्तकला म्हणजे वेळ घालवण्याचं साधन नाही, शोभेची वस्तूही नाही. ज्या हातांवर दुसऱ्याची मालकी होती, त्याच हातांनी ती मालकी फेडली.

महाराष्ट्रात हाच धागा पंडिता रमाबाईंच्या कामात दिसतो. त्यांच्या कार्याला आरंभी आधार दिला तो १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं. अमेरिकेतल्या गावोगावच्या मंडळांतले सभासद वर्षाला एक डॉलर, असं दहा वर्षं देण्याचं वचन देत. त्यातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात रमाबाई स्वतः फिरल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना वाचवून घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनातल्या या पहिल्या लोंढ्यातल्या मुली म्हणजे आपल्याच मुलखातल्या पोरी होत्या.

या मुलींना रमाबाईंनी काय दिलं? अन्न आणि छप्पर तर दिलंच. पण त्याबरोबर माग दिला, शिवण दिलं, शेती, तेलाचा घाणा, छापखाना दिला. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे मुक्तीतल्या मुली-स्त्रियांनी जुळवले. दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेली मुलगी आणि तिनं अक्षर-अक्षर जुळवून उभं केलेलं पुस्तक, या दोहोंमधलं अंतर म्हणजेच घेणारीचं देणारी होणं. चाल्मर्स यांची किल्ली इथे लागते, आणि स्कॉटलंडपेक्षा इथे तिचा अर्थ जास्त खोल आहे. स्कॉटलंडमधल्या मजुराकडे द्यायला निदान एक पेनी तरी होती. या मुलींकडे हातांशिवाय काहीच नव्हतं.

नागपूरशी संबंध असलेलं आणखी एक नाव इथे आठवतं, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं. ख्रिस्ती होण्याआधी ते नागपुरात राहून लेखन-संपादन करत होते. पुढे ते 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचे संपादक झाले. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. इथल्या ख्रिस्ती माणसानं बाहेरून येणाऱ्या पैशावर किती काळ उभं राहायचं, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न घरादाराला किती महाग पडला, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना सांगायला नको.

मात्र मुलांचे हात आणि पैसा यांची गाठ घालताना एक धोका असतो. त्याची सर्वांत कसून चर्चा झाली ती नागपूरहून दीड-दोन तासांवर, वर्ध्याला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. गांधीजींचा प्रस्ताव असा, की शिक्षण हस्तोद्योगातून व्हावं आणि मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी यातल्या स्वावलंबनाच्या भागावर आक्षेप घेतला. शाळा माल विकू लागल्या, तर गावातल्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, ही त्यातली एक भीती. पुढे झाकिर हुसेन समितीनं योजनेचा आराखडा केला. योजनेच्या बाजूच्या या समितीनंही इशारा देऊन ठेवला, की आर्थिक अंगावर जोर पडला, तर शिक्षणाचा मूळ हेतू मागे पडण्याचा धोका आहे.

हा इशारा शब्बाथशाळेच्या टेबलाला तंतोतंत लागू पडतो. मुलं तारे करतात, इथपर्यंत ठीक. पण मागच्या वर्षी पाच हजार जमले, यंदा दहा जमले पाहिजेत, असं ठरलं, की काय होतं? वेडेवाकडे तारे मागे ठेवले जातात. ज्याचा हात चांगला त्यालाच काम दिलं जातं. मग आया रात्री बसून कार्ड पूर्ण करतात. शेवटी बाजारातून तयार वस्तू आणून त्यांवर मुलांची नावं चिकटवली जातात. पैसा वाढतो आणि मूल टेबलामागे फक्त उभं राहतं. पार्डिगल बाईंची मुलं आणि हे मूल, यांत मग फारसा फरक उरत नाही.

दुसरी गोष्ट, विकत घेणारा नेमकं काय विकत घेतो? वस्तू चांगली आहे म्हणून घेतली, तर तो मुलाच्या श्रमाचा मान झाला. कीव आली म्हणून घेतली आणि घरी जाऊन कचऱ्यात टाकली, तर त्यानं स्वतःच्या मनाचं समाधान तेवढं विकत घेतलं. मुलांना हे कळत नाही असं समजू नका. आपला तारा कुणाच्या खिडकीत लागला आणि कुणाच्या पिशवीत चुरगळला, हे मुलाला बरोबर कळतं.

आता तिसरा भाग, नाव. आमच्या मते हा सगळ्यांत नाजूक भाग आहे.

नावानिशी, नेमानं प्रार्थना करण्याची प्रथा जुनी. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरावियन पंथाच्या लोकांनी १७२७ मध्ये चोवीस तासांची प्रार्थना सुरू केली : तास वाटून घ्यायचे आणि साखळी तुटू द्यायची नाही. केडगावला १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी सोबती मागितल्या. आधी ७० जणी पुढे आल्या, काही महिन्यांत हा आकडा साडेपाचशेवर गेला. यातल्या बऱ्याच मुली दुष्काळातून आलेल्या. ज्यांच्यासाठी दूर अमेरिकेत कुणी प्रार्थना करत होतं, त्या आता स्वतः दुसऱ्यांसाठी प्रार्थना करत होत्या. दिशा बदलली.

प्रार्थनेला फळ येतं की नाही, हा आजचा विषय नाही. ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा तो भाग आहे. आम्ही एवढंच म्हणतो, की एखाद्या माणसाचं नाव रोज एकदा मनात आणणं ही नैतिक दृष्ट्या लहान गोष्ट नाही. 'गरीब मुलं' असा शब्द वापरला, की समोर कुणीच उभं राहत नाही. नाव घेतलं, की एक मूल उभं राहतं. ते आज जेवलं का, त्याची परीक्षा कशी गेली, असे प्रश्न मनात येऊ लागतात. कांट या तत्त्वज्ञानं सांगितलं, की माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नये. मुलाला हे कांटच्या भाषेत शिकवता येत नाही, पण दुसऱ्या मुलाचं नाव घ्यायला लावून शिकवता येतं.

पण नावाचा गैरवापरही झालेला आहे. एकोणिसाव्या शतकात सिलोनमधल्या अमेरिकन मिशनच्या वसतिगृहांत अशी पद्धत होती, की एखाद्या मुलाचा वर्षाचा खर्च अमेरिकेतल्या ज्या दात्यानं किंवा मंडळीनं उचलला, त्यांनी सुचवलेलं नाव त्या मुलाला द्यायचं. जाफन्यातलं तमिळ मूल आणि त्याला न्यू इंग्लंडमधल्या कुणा पाळकाचं नाव! देणाऱ्यांच्या मनात प्रेमच असेल, ते आम्ही नाकारत नाही. पण इथे घेणाऱ्याचं नाव लक्षात ठेवण्याऐवजी देणाऱ्यानं आपलंच नाव त्याच्यावर लिहून टाकलं. दान घेताना माणसानं काय काय गमावावं, याला सीमा असली पाहिजे.

विसाव्या शतकात पुरस्कृत बालकाची पद्धत आली : दर महिन्याला ठरावीक रक्कम, मुलाचा फोटो, पत्रव्यवहार. कंपॅशन इंटरनॅशनल ही त्यातली एक मोठी अमेरिकन संस्था. परदेशी निधीबाबतच्या सरकारी निर्बंधांनंतर मार्च २०१७ मध्ये तिनं भारतातलं काम थांबवलं. तेव्हा सुमारे दीड लाख मुलं तिच्या मदतीखाली होती. निर्बंध योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत आणि राहतील. आपल्याला इथे एवढंच बघायचं आहे, की पत्र लिहिणाऱ्या दोघांच्याही हातात नसलेल्या कारणानं ती पत्रं बंद पडली. ज्या नात्याला पैशाशिवाय दुसरा आधार नसतो, ते पैशाबरोबर संपतं.

परदेशी पैशाचा हा वाद नागपूरला नवीन नाही. जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर असताना, १९५४ मध्ये, सरकारनं न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. बाहेरून येणारा पैसा आणि त्यातून चालणाऱ्या शाळा, दवाखाने, अनाथालयं यांवर त्यात कडक टीका होती. ख्रिस्ती समाजानं अहवाल एकतर्फी असल्याचं म्हटलं. वाद मोठा आहे आणि एका व्याख्यानात मिटणारा नाही. पण अहवालातलं सगळं अमान्य करणाऱ्या माणसालाही एक प्रश्न टाळता येत नव्हता : मदत घेणारा मोकळा असतो का?

आता योगायोग बघा. त्याच १९५६ साली शांती सॉलोमन या भारतीय ख्रिस्ती बाई निरनिराळ्या देशांतल्या स्त्रियांच्या एका शांतिपथकाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर होत्या. महायुद्धाच्या जखमा अजून ओल्या होत्या. त्यांना कोरियाचा व्हिसा मिळाला नाही, म्हणून त्या फिलिपीन्समध्ये मागे राहिल्या. तिथे त्यांच्या मनात एक कल्पना आली. सीमेवर माणसाला अडवता येतं, प्रार्थनेला अडवता येत नाही. मग प्रत्येक देशातल्या स्त्रीनं दर प्रार्थनेच्या वेळी आपल्या देशाचं सर्वांत लहान नाणं बाजूला ठेवावं. यातून 'फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन' म्हणजे सर्वांत लहान नाण्याची सहभागिता ही चळवळ निघाली आणि १९५८ पासून आशियातल्या चर्चमधल्या स्त्रियांनी ती उचलून धरली.

यातली युक्ती साधी आहे, पण अतिशय खोल आहे. सर्वांत लहान नाणं म्हटलं, की श्रीमंत देशातल्या बाईला मोठी देणगी देऊन वरचढ होता येत नाही आणि गरीब देशातल्या बाईला मागे राहावं लागत नाही. आमच्याकडे एक पैसा, तुमच्याकडे एक सेंट. पेटीत पडल्यावर कुणाचं कुठलं, हे उरत नाही. आणि नाणं प्रार्थनेला बांधलेलं असल्यामुळे आधी आठवण येते, मग पैसा. ज्या काळात नागपुरात परदेशी पैशावर अहवाल छापला जात होता, त्याच काळात एका भारतीय बाईनं असा पैसा शोधून काढला, ज्याच्यावर दात्याचा शिक्काच नाही. हे नियोगी समितीला दिलेलं उत्तर नव्हतं, तो हेतूही नव्हता. पण त्या प्रश्नाला इतकं चांगलं उत्तर आमच्या वाचनात दुसरं आलेलं नाही.

बायबलमधल्या दोन गोष्टी इथे आठवतात. एक, दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची. ती पुष्कळांना ठाऊक असते. दुसरी, पाच हजारांना जेवू घातल्याची. ती चारही शुभवर्तमानांत आहे, पण पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाजवळ होत्या, हे सांगतो फक्त योहान. मुलाचं नाव मात्र तोही देत नाही. गर्दीत त्या मुलाला कुणी विचारलं असेल का, की बाळा, देतोस का? मजकुरात ते नाही. आम्हाला वाटतं, शब्बाथशाळेच्या प्रत्येक शिक्षकानं मनातल्या मनात तो प्रश्न तिथे घालून ती गोष्ट सांगावी.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. भारतातल्या चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्यालयही इथेच आहे. ज्या गावाचं नाव स्कॉटलंडमधल्या मुलांना घेणाऱ्यांचा पत्ता म्हणून कळत होतं, ते गाव आता देशभरच्या मंडळ्यांना पत्रं पाठवणारं गाव आहे. हा बदल इमारतींत आणि घटनांत झाला. तो मुलांच्या टेबलापर्यंत पोचला आहे का, हे आपल्याला बघायचं आहे.

म्हणून शेवटी, इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो. शब्बाथशाळा चालवणाऱ्यांनी त्या आपापल्या जागी तपासून पाहाव्यात. गणेशमंडळाची किंवा शाळेची वर्गणी गोळा करणाऱ्यांनाही त्या चालतील.

एक : पैसा कुठे जाणार, हे मुलांना ठरवू द्या. दोन-तीन ठिकाणं सांगा, माहिती द्या आणि त्यांचं मत घ्या. ज्या मुलाला भाग घ्यायचा नाही, त्याला तो न घेण्याची मोकळीक द्या, आणि त्याचं नाव सभेत वाचू नका. कुणी किती दिलं याची यादी तर मुळीच लावू नका.

दोन : वस्तू मुलाच्या हातची असू द्या, ओबडधोबड असली तरी. पण ती उपयोगी पडेल अशी करायला शिकवा. दोन तारे कमी झाले तरी चालतील. प्रत्येक तारा खिडकीत लागण्याच्या लायकीचा हवा. शक्य असेल तर गावातल्या कुंभाराला, शिंप्याला बोलवा, त्यांच्याकडून मुलांना शिकवा आणि त्यांना त्याचा मोबदला द्या. के. टी. शहांच्या भीतीला यापेक्षा बरं उत्तर नाही.

तीन : नाव जपा. बालगृहातल्या मुलाचा फोटो आणि त्याच्या दुःखाची कहाणी फलकावर लावून पैसे मागू नका. अशा मुलांची ओळख उघड करण्यावर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार बंदी आहे. आणि कायदा नसता तरी ते बरं दिसलं नसतं. प्रार्थनेच्या चिठ्ठीला पाळण्यातलं किंवा हाक मारण्याचं नाव पुरतं. तेही त्या मुलाला विचारूनच.

चार, आणि हीच सगळ्यांत महत्त्वाची : चिठ्ठी दोन्ही बाजूंनी जाऊ द्या. आपल्या मुलांना बालगृहातल्या मुलांची नावं मिळत असतील, तर त्या मुलांनाही आपल्या मुलांची नावं मिळू द्या. त्यांनाही कागद, रंग, कात्री द्या. त्यांनी केलेले तारे याच टेबलावर मांडा, आणि जमलेल्या पैशातून तिसऱ्याच कुणाला काय द्यायचं, हे दोन्हीकडच्या मुलांनी मिळून ठरवू द्या. आपल्यासाठी रोज कुणी प्रार्थना करतं, हे कळणं चांगलंच असतं. पण आपल्याही प्रार्थनेची कुणी वाट बघतं, हे कळलं, की मूल ताठ उभं राहतं.

दुष्काळातून आलेल्या, खिळे जुळवणाऱ्या आणि पहाटे उठून दुसऱ्यांची नावं घेणाऱ्या त्या मध्य प्रांतातल्या मुली हेच करत होत्या. त्यांच्याकडे दया म्हणून बघणारे पुष्कळ होते. रमाबाईंनी त्यांच्याकडे काम मागितलं आणि प्रार्थना मागितली. ज्याला आपण मदत करतो, त्याच्याकडे काहीतरी मागण्याचा संकोच आपल्याला का वाटतो, एवढा प्रश्न आज घरी घेऊन जा.